मोज्यातला राखणदार

वितोमिर कधी खाली बसतो का, असं क्रेमेनित्सात कुणी विचारलं तर लोक जरा विचारात पडतात. जेवताना बसत असावा. एरवी तो उभा तरी असतो, नाहीतर चालत तरी. गावच्या बसस्थानकातल्या काचेच्या खोलीत त्याने सगळी नोकरी काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटणार, हे माइकवरून पुकारायचं काम. तेही तो येरझाऱ्या घालत करायचा, त्यामुळे माइकच्या वायरीला पडलेले पीळ अधूनमधून कुणाला तरी सोडवत बसावं लागे. आवाज मात्र असा, की बेलग्रेडची गाडी आज येणारच नाही हे ऐकूनसुद्धा माणसाला बरं वाटावं. आमच्या गावातली कितीतरी पोरं त्याच्या आवाजाचं बोट धरून जर्मनीला गेली, ऑस्ट्रियाला गेली आणि तिकडचीच झाली. सगळ्या जगाला रवाना करून हा गडी आपला इथल्या इथे चालतोय.

त्याची दुसरी ख्याती म्हणजे तो देव मानत नाही. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत त्याच्याकडे पक्षाचं कार्ड होतं, आणि तेव्हा कुणीच उघडपणे मानत नव्हतं, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. विशेष झालं ते पुढे. राजवट गेली, आणि ज्या लोकांनी आम्हाला देव नाही हे पटवण्यासाठी संध्याकाळच्या सभा घेतल्या होत्या, ते एका रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे मेणबत्ती धरून उभे दिसले. फारसं नवल कुणाला वाटलं नाही. पुढे उभं राहायची सवय त्यांना होतीच. वितोमिरने तेव्हा जाहीर केलं की तो जिथे आहे तिथेच राहणार. मी कारण विचारलं तर म्हणाला, आत आता फार गर्दी झालीय.

मी त्याच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतो. माझ्या श्रद्धेचं म्हणाल तर ती दाढेवर अवलंबून आहे. दुखायला लागली की मी मानतो.

देसांका, म्हणजे वितोमिरची बायको, या बाबतीत नवऱ्याच्या वाटेला जात नाही. तो मानत नाही तर न मानो, असं तिचं धोरण. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी ती कांद्याची टरफलं उकळते आणि त्यात अंडी रंगवते. आमच्याकडे सगळ्याच घरांत रंगवतात. त्यातलं पहिलं रंगलेलं अंडं खायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, दुसऱ्या अंड्याशी टकरीलाही लावायचं नाही. ते घरात ठेवायचं, पुढच्या ईस्टरपर्यंत. घराचा राखणदार तो. वर्षभरात आतलं सगळं सुकून जातं, अंडं पिसासारखं हलकं होतं, हलवलं की आत खडा वाजतो. देसांकाचा राखणदार टीव्हीशेजारच्या कपाटावर, संत निकोलसच्या तसबिरीपुढे, काचेच्या प्याल्यात असायचा. वितोमिर त्याला ‘आमचा बिनपगारी वॉचमन’ म्हणायचा आणि जाता-येता त्याच्याकडे बघायचा.

आता मिलोये. वितोमिर आणि तो शाळेत एका बाकावर होते, आणि तिथलं भांडण अजून संपलेलं नाही. मिलोये सत्तेतल्या पक्षाचा आमच्या वॉर्डातला माणूस. जो पक्ष सत्तेवर येईल त्याचा तो वॉर्डातला माणूस असतो. त्याचं म्हणणं असं, की तो आपल्या जागेवरून कधी हललाच नाही, पक्षच येतात आणि जातात. गेल्या ईस्टरला त्याच्या पक्षाने घरोघरी लाल अंडी वाटली होती, प्रत्येकावर पक्षाचं चिन्ह असलेलं सूर्यफुलाचं स्टिकर. मिलोयेने शिल्लक राहिलेली स्टिकरं घरी नेली आणि उत्साहाच्या भरात त्यातलं एक बायकोच्या राखणदारावरही चिकटवलं. रोसांदा, त्याची बायको, तेव्हापासून त्या अंड्याकडे बघून उसासे टाकते असं ऐकून होतो.

रविवारी सकाळी वितोमिरकडे आम्हा तिघांची बैठक असते. कॉफी, सोबत राकिया, म्हणजे आलुबुखाराची कडक दारू, आणि राजकारण. मी कान पुरवतो, बाकीचं ते दोघे.

त्या फेब्रुवारीत देसांका घरात नव्हती. तिच्या हृदयाची झडप कामातून गेली होती. बेलग्रेडच्या इस्पितळात तिला दाखल करून घेतलं होतं, तिथे तपासण्या चालल्या होत्या आणि ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं. लेक तियाना बेलग्रेडलाच असते, ती रोज आईजवळ. वितोमिरला मात्र देसांकाने घरीच थांबायला सांगितलं होतं, पाइप गोठतील म्हणून. खरं कारण ती मला सांगून गेली होती: इस्पितळाच्या व्हरांड्यात हा चालायला लागला की शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांना चक्कर येईल. फ्रीजमध्ये आठवड्याचे सार्मे, कोबीच्या पानात गुंडाळलेले, ठेवून ती गेली. तिच्याशिवायचा वितोमिर खोली ते स्वयंपाकघर अशा एवढ्या फेऱ्या मारत होता, की खालच्या बाईंनी काठीने छत ठोकलं.

त्या रविवारी विषय निघाला नव्या बसस्थानकाचा. निवडणूक तोंडावर होती, म्हणून महापौरांनी जुनं स्थानक पाडून नवं बांधलं होतं. गाड्यांच्या वेळा दाखवणारा मोठा विजेचा फलक लावला होता आणि पुकारायला रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आणला होता. उद्‌घाटनाला पाद्रीबुवांनी त्या फलकावर पवित्र पाणी शिंपडलं. फलक तेव्हापासून मधूनमधून बंद पडतो.

मिलोये म्हणाला, प्रगती आहे, मान्य कर. वितोमिर चालता चालता म्हणाला की त्याने सगळी नोकरी कोरड्या माइकवर केली आणि तरी गाड्या सुटल्या. मिलोये म्हणाला, त्या बाईचा आवाज तुझ्यापेक्षा गोड आहे, एवढंच तुला झोंबलंय. आणि वितोमिर, जो त्या क्षणी चालत चालत नेमका कपाटापाशी पोचला होता, त्याने कपाटावर मूठ आपटली.

प्याला आधी डुलला, मग कलंडला. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत होतो आणि तिघांपैकी एकाचाही हात वेळेवर पुढे गेला नाही. राखणदार फरशीवर पडला. आवाज अगदी बारीक झाला. टरफलाच्या चार कपच्या, आणि त्यातून एक पिवळट गोटी निघून घरंगळत सोफ्याखाली गेली.

मिलोयेने छातीवर क्रूस काढला. मीही काढला, दाढ दुखत नसताना. वितोमिर खाली बसला. म्हणजे खरोखर बसला, फरशीवर. मला त्याचं काय करावं ते कळेना.

“अंडं होतं,” तो म्हणाला. “जुनं अंडं.”

“हो ना,” मिलोये म्हणाला.

“गुरुवारी ऑपरेशन आहे,” वितोमिर म्हणाला.



दुपारी देसांकाचा फोन आला. ती रोज विचारायची तसं तिने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. वितोमिरने सांगितलं, सगळं ठीक आहे. मी तिथेच होतो. त्याने ते फलाटावरच्या आवाजात सांगितलं.

सोमवारपासून गावात एक न मानणारा माणूस राखणदाराच्या शोधात हिंडू लागला. आधी त्याने स्वतःच प्रयत्न केला. कांद्याची टरफलं उकळून एक अंडं रंगवलं. रंग हुबेहूब देसांकाचा आला, ते त्याने प्याल्यात ठेवलं आणि मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, झालं की, तिला पत्ताही लागणार नाही. तो त्या अंड्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, “तिचं सोड. हे कालचं आहे. याला या घराची काही माहितीच नाही.” आणि मीठ लावून ते खाऊन टाकलं.

मग तो चर्चमध्ये गेला. फलकावर पाणी शिंपडणारे तेच पाद्रीबुवा, वयाने तरुण, नुकतेच आलेले, फार शिकलेले. वितोमिरने त्यांना विचारलं की राखणदार फुटला तर दुसरा मिळतो का. पाद्रीबुवांनी त्याला प्रेमाने समजावलं की देव अंड्यात नसतो, ही लोकांची भोळी समजूत आहे, आजारी माणसासाठी प्रार्थना करावी, मेणबत्ती लावावी. वितोमिर परत आला तो चिडूनच. मी तर बाहेरचा माणूस आहे, तो म्हणाला, पण त्यांनी तरी थोडं मानायला हवं. मेणबत्ती मात्र लावून आला होता. मी बघितल्याचं दाखवलं नाही, बोटाला मेण होतं.

उरला एकच मार्ग, कुणाचा तरी राखणदार उसना घ्यायचा. पण अशी वस्तू कोण देईल? मी घरी विषय काढून पाहिला. माझी बायको देसांकासाठी काय वाटेल ते करेल, लागली तर किडनी देईल, तसं ती म्हणालीसुद्धा. अंडं मात्र देणार नाही म्हणाली. आमच्या घरात कर्ता मीच आहे आणि मला रात्रंदिवस राखायला कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं. बरोबरच होतं. मंगळवारी मी वितोमिरला जिन्यात भेटायचं टाळलं. तोही मला टाळत होता, त्यामुळे आमची दोनदा गाठ पडली.

माणूस न मानता किती मानतो, याचा मी त्या दिवसांत बराच विचार केला. माझं असं मत झालंय की मानणं हे पक्षासारखंच असतं. कार्ड एकाचं, मत दुसऱ्याला, आणि भीती तिसऱ्याची. वितोमिरला देवाची भीती नव्हती. आपल्या मुठीची होती. गुरुवारी काही वेडंवाकडं झालं, तर ते झडपेमुळे झालं हे सगळे डॉक्टर मिळूनसुद्धा त्याला पटवू शकले नसते.

बुधवारी सकाळी दारावरची बेल वाजली, त्याच्या दारावरची. मी माझ्या दाराच्या भोकातून पाहिलं तर मिलोये, कोटाची सगळी बटणं लावलेला. मला राहवेना, मीही त्याच्यामागोमाग वितोमिरकडे शिरलो. मिलोयेने आत येऊन दार लावून घेतलं, कोटाच्या आतून लोकरीचा एक मोजा काढला आणि दोन्ही हातांनी वितोमिरपुढे धरला.

“रोसांदा बहिणीकडे गेलीय,” तो म्हणाला. “उद्या संध्याकाळी येईल. तिच्या आधी हे परत जागेवर पाहिजे.”

मोज्यात त्याच्या घराचा राखणदार होता, सूर्यफुलासकट.

वितोमिर एकदा मोज्याकडे बघे, एकदा मिलोयेकडे. शेवटी विचारलं, इथे ठेवू का, प्याल्यात?

“इथे कशाला? इथे काय तुला राखायचंय?” मिलोये म्हणाला. “तिच्याकडे घेऊन जा. आत्ताची गाडी आहे.”

पाइपांकडे लक्ष ठेवायचं मी कबूल केलं आणि वितोमिर निघाला, मी त्याला सोडायला स्थानकापर्यंत गेलो. ज्या माणसाने जन्मभर बेलग्रेडची गाडी पुकारली, तो त्या गाडीत बसायला निघाला, आणि फलक बंद असल्यामुळे त्याला फलाट मलाच विचारावा लागला.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं त्याच्याकडून आणि बरंचसं देसांकाकडून. वाटेत त्याच्या मनात आलं की सूर्यफुलाचं अंडं आपण देसांकापुढे ठेवायचं कसं. तो ज्या पक्षाला रोज शिव्या घालतो, त्याचाच शिक्का. म्हणून बर्फातून गाडी हळूहळू चाललेली असताना त्याने नखाने ते स्टिकर खरवडायला घेतलं. अर्ध्या वाटेपर्यंत पाकळ्या गेल्या, उरलेल्या वाटेत देठ. गोंदाचा गोल डाग मात्र राहिला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, नातवंडांसाठी नेताय का. तो म्हणाला, बायकोसाठी. मग ती बाई बेलग्रेड येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. फेब्रुवारीत लाल अंडं घेऊन फिरणाऱ्या माणसाबद्दल तिने काहीतरी ठरवलं असावं.

देसांका खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होती. नवऱ्याला दारात पाहून ती आधी पाइपांबद्दल बोलली. त्याने तिच्या उशाशी मोजा ठेवला. तिने आत हात घातला, अंडं बाहेर काढलं, कानाशी हलवलं, उजेडात धरलं.

“दुकानाचा रंग आहे,” ती म्हणाली. “हे मिलोयेचं. सूर्यफूल कुठे गेलं?”

तो खाटेच्या पायथ्याशी चालायला लागला, तीन पावलं इकडे, तीन तिकडे, त्याहून जास्त जागा नव्हती. चालता चालताच त्याने सगळं सांगितलं: मूठ, प्याला, कांद्याची टरफलं, पाद्रीबुवा. ती ऐकत राहिली. म्हणाली, रविवारी तू फलाटाच्या आवाजात ‘सगळं ठीक आहे’ म्हणालास तेव्हाच मला कळलं की काहीतरी फुटलंय. मला वाटलं मोठं भांडं.

मग तिने विचारलं, रोसांदाला माहीत आहे का. नाही, तो म्हणाला, उद्या संध्याकाळी ती परत येतेय.

“म्हणजे त्यांच्या घरावर आज कुणी नाही.”

“मिलोये आहे.”

“तेच म्हणतेय मी.”

देसांकाने अंडं परत मोज्यात सारलं आणि मोज्याला गाठ मारली. सकाळच्या पहिल्या गाडीने हे परत घेऊन जा, असं तिने सांगितलं. तो हबकला. सकाळी तर ऑपरेशन. तू टेबलावर असताना मी गाडीत असू, तो म्हणाला. हे काय बोलणं झालं?

“हे बघ वितो,” ती म्हणाली, “दुसऱ्याच्या घराचा राखणदार उशाशी घेऊन मी त्या टेबलावर जाणार नाही. उद्या मी उठले आणि तिकडे त्यांचं छत पडलं, तर मी काय त्या रोसांदाच्या तोंडाकडे बघू? आणि तू इथे थांबून करणार काय? चालणार. गाडीत निदान बसावं तरी लागेल तुला.”

तियाना दारात उभी होती, तिने बापाची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. देसांकाने तिला नुसता हात दाखवला. मग नवऱ्याला जवळ बोलावून त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली की तिला राखायला बेलग्रेडमधले एवढे डॉक्टर जमलेत, पुरे.

गुरुवारी दुपारी मिलोये आणि मी बसस्थानकावर उभे होतो. रोसांदाची गाडी संध्याकाळची, वितोमिरची त्याआधीची, पण बर्फ पडत होता. रेकॉर्डमधली गोड बाई सांगत होती की बेलग्रेडची गाडी वेळेवर आहे. समोरचा फलाट रिकामा होता आणि गाडी येण्याची वेळ केव्हाच टळली होती. मिलोये त्या बाईला पुटपुटत काहीतरी म्हणाला. आपण जे ऐकलं ते वितोमिरला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं. वितोमिरचा फोन लागत नव्हता. डोंगरात तो कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी लावत होतो. मिलोये फलाटावर येरझाऱ्या घालायला लागला. त्याला तसं चालताना मी प्रथमच पाहत होतो, आणि एकदा तर मीही त्याच्याबरोबर चालतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

शेवटी गाडी आली. माणसं उतरली, सगळ्यांच्या शेवटी वितोमिर. दोन्ही हात पोटाशी, हातात गाठ मारलेला मोजा. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो मिलोयेसमोर आला, मोजा त्याच्या हातात दिला, आणि मिलोयेने तो न बघता कोटात घातला.

“देसांका?” मिलोयेने विचारलं.

“बाहेर आली. घाट उतरल्यावर तियानाचा फोन आला. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं माहितीये? अंडं पोचलं का.”

मिलोयेने मान वळवली आणि फलकाकडे बघत राहिला. फलक बंदच होता. बराच वेळ त्याला काहीतरी वाचायचं होतं असं दिसलं.

मग त्याने कोटात हात घालून मोज्याची गाठ सोडली आणि अंडं अर्धवट बाहेर काढलं. “सूर्यफूल कुठाय?”

“पडलं.”

“आपोआप?”

“तुमच्या पक्षाचा गोंदच तसला.”

“नखात बघ तुझ्या, पिवळं आहे अजून. रोसांदाला काय सांगू मी?”

पण रोसांदाला काही सांगावंच लागलं नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिची नजर आधी अंड्याकडे गेली, आणि तिने नवऱ्याच्या गालाचा मुका घेतला. चला, एकदाची अक्कल आली तुला, असं ती म्हणाली म्हणे. मिलोयेने ते कौतुक मुकाट्याने स्वीकारलं. पक्षात राहून त्याला ही एक कला चांगली साधली आहे.

देसांका घरी आली तेव्हा बर्फ वितळायला लागला होता. रिकामा प्याला तिने धुऊन पालथा घातला. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी तिने टरफलं उकळली, आणि वितोमिर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगत होता की हे सगळं आपण मानत नाही, फक्त पहिलं कुठलं ते नीट लक्षात ठेव. राखणदार आता कपाटावर नसतो. त्याच्यासाठी वितोमिरने भिंतीत, छताजवळ, एक फळी ठोकली आहे. ती ठोकताना खालच्या बाईंनी काठीने उत्तर दिलं.

रविवारची बैठक चालू आहे. महापौर पुन्हा निवडून आले, त्यामुळे विषयांची टंचाई नाही. वितोमिर चालतो, आणि आताशा मिलोयेही उठून त्याच्यामागे चालतो, कारण चालणाऱ्या माणसाशी बसून भांडणं अवघड जातं. भांडण तेच, शिव्या त्याच. फरक एवढाच पडलाय, की दोघेही हात विजारीच्या खिशात घालून भांडतात. राकिया टेबलावर तशीच राहते. ती संपवायचं काम आता माझ्याकडे आलंय.